वीसच्या वाट्या

९ जानेवारी

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, तुमच्या काळज्या कागदावर उतरवा, म्हणजे आईचं डोकं जरा रिकामं होईल." मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे बस आगारात हातात पाना आला तो निवृत्त होईपर्यंत सुटला नाही. लिहायची सवय नाही. तरी लिहितो, कारण आज एक गोष्ट ठरवली आहे आणि ती मोडायला नको.

ठरवलं ते असं. शेडमधल्या आपल्या जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधायचं आणि हिला, म्हणजे लेकीच्या आईला, घाट चढवून अक्कांकडे न्यायचं. अक्का म्हणजे हिची थोरली बहीण. वय ब्याऐंशी, राहणार घाटमाथ्यावर. त्यांच्याने खाली उतरवत नाही आणि हिचे गुडघे हिला बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत. भाड्याची गाडी करू म्हटलं तर परक्याच्या गाडीत हिला मळमळतं. दोन वर्षं झाली, बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

आमच्या गाडीने तो घाट एका दमात कधीच चढला नाही. अर्ध्यावर एक वळण आहे, तिथे पांढरा दगड आहे. दगड दिसला की गाडी उकळलीच. चाळीस वर्षं आम्ही तिथे थांबत आलो. मी पाणी ओतायचो, ही दगडावर बसून खालची दरी बघायची. आता तर गाडी अंगणाचा चढही घेत नाही.

काल ही म्हणाली, "अहो, अक्का हल्ली स्वप्नात पाठमोरीच दिसते." एवढं म्हणून भाजी चिरायला लागली. मला रात्रभर डोळा लागला नाही.

१४ जानेवारी

गावातल्या निवृत्त नर्सबाईंकडे गेलो. त्यांची गाडी आमच्याच कंपनीची, पण पुढच्या सालातली. इंजिनाचा साचा तोच, आतला क्रँक मात्र लांब हाताचा आणि हवा ओढणाऱ्या हेडची तोंडं मोठी. म्हणजे घर तेच, फुप्फुसं मोठी. मागच्या वर्षी गाडीवर झाड पडलं. टप सीटवर टेकला, इंजिनाला ओरखडाही नाही.

बत्तीस वर्षं बाई या गाडीतून गावोगाव बाळंतपणं करत फिरल्या. मी बॉनेट उघडलं तेव्हा त्या गाडीच्या दिव्यावर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "काढून घ्या जे लागेल ते. नुसतं गंजण्यापेक्षा कुणाचा तरी श्वास चालेल."

हॉर्नही न्यावा म्हणून बॅटरी जोडून दाबून पाहिला. काही नाही. पुन्हा दाबला, दाबून धरला. मेलेला. बाईंनी दोन्ही हात कानांवर धरले होते, वाऱ्याचा त्रास असणार. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या आणि माणसं बघायला लागली. लोकांना कामधंदा नाही.

२१ जानेवारी

नर्सबाईंचं इंजिन शेडमध्ये आलं. दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी खोलली. आमचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा बाहेरचा सांगाडा, ठेवायचा. क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि हेड त्यांचं.

क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. रॉकेलने धुऊन जुन्या चादरीवर ठेवला. दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकांतून येतं, त्याचे रुपयाएवढे गोल त्याच्यावर पडले होते आणि सरकत होते. मी बराच वेळ बघत बसलो. मनात आलं, या लोखंडाने किती वाटा गुंडाळून ठेवल्या असतील. पहाटेच्या, धुक्याच्या, वाट बघणाऱ्या दारांच्या. आता त्या सगळ्या वाटा आमच्या गाडीत येणार. गाडीला स्वप्न पडत असेल तर कोणत्या घरचं पडेल?

ही चहा घेऊन कधी आली कळलं नाही. कोपराला हात लावला तेव्हा दचकलो. हल्ली ही पावलं न वाजवता येते. बोलतानाही समोर येऊन, तोंडाकडे तोंड करून बोलते. उतारवयात ही लाडीगोडी. बरं वाटतं, पण काही मागायचं तर नसेल ना?

२३ जानेवारी

क्रँकवर झिजेचे चरे आहेत. लेथवाल्याकडे घासायला दिला. याला सगळे सूतभर म्हणतात, कारण "सूतभर इकडे तिकडे चालायचं नाही" हे त्याचं पालुपद. मला तो उस्ताद म्हणतो. क्रँक जितका घासाल तितक्या जाड बेअरिंगच्या वाट्या खाली लागतात. आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे: दहा घासला तर दहाच्या, वीस घासला तर वीसच्या, तीस घासला तर तीसच्या. वाट्या क्रँकला मिठी मारून बसायला हव्यात, तर मधे तेलाचा पापुद्रा टिकतो. म्हटलं, "घासल्यावर आकडा तेवढा कळव."

३० जानेवारी

अंगणातल्या चिमण्या गेल्या. महिनाभर एकीचाही आवाज नाही. हिला म्हटलं तर ही कौलांकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटली. सगळेच पुटपुटतात आता. लेक फोनवर बोलते ती जणू उशीत तोंड खुपसून.

भिंतीवरचं घड्याळही बंद पडलंय असं वाटलं. टिकटिक नाही. किल्ली दिली, आणखी दिली, तर आतली कमान तुटली. हिने कपाळाला हात लावला. "अहो, चालू होतं की ते!" हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. बायकोचं रागाचं वाक्य कधी पुसट येत नाही.

एक चांगलं. हिचा स्वभाव निवळलाय. पूर्वी चिडली की भांडी आपटायची. आज चिडली होती, पण भांडी अगदी हळुवार मांडत होती.

३ फेब्रुवारी

सूतभरचा फोन. क्रँक झाला. आकडा विचारला, म्हणाला, वीस. त्याचा फोन म्हणजे खोल विहिरीतून बोलल्यासारखा. मी म्हटलं, "हो हो, वीस." लगेच चिठ्ठीवर मोठा २० लिहिला आणि क्रँक घरी आल्यावर ती दोऱ्याने त्याच्या गळ्यात बांधली. लिहून ठेवलेलं बरं. माणसाच्या बोलण्याचा काय भरवसा.

दुकानातून वीसच्या वाट्या आणल्या. डबीवर वीस, वाटीच्या पाठीवर वीस. तीनदा पाहिलं.

१० फेब्रुवारी

क्रँक बसवला. नट आवळून हाताने फिरवला. काय हलका फिरतो! पाण्यात हात फिरवावा तसा. मग लगेच शंका आली, इतका हलका? रॉड धरून वरखाली ओढला तर किंचित हालल्यासारखा वाटला. मोजायचं हत्यार सूतभरकडे आहे. जावं का? पण चिठ्ठीवर वीस, वाटीवर वीस, कागद जुळतो आहे. शिकलेल्या माणसाने कागदावर विश्वास ठेवावा म्हणतात, मी तर चौथी.

स्वप्न पडलं. गाडी पाण्याखालच्या रस्त्याने चालली होती. झाडं हळू हलत होती, माणसं तोंड उघडत होती आणि तोंडातून बुडबुडे येत होते. भीती वाटली नाही, हेच नवल.

१९ फेब्रुवारी

हेड बसलं. नर्सबाईंच्या हेडच्या मोठ्या तोंडांना आमचं जुनं हवा-धुराचं नळकांडं पुरेना, म्हणून त्यांचंच घेतलं. आता आमचं असं उरलं काय? ब्लॉक आणि मी.

आज आगारातला म्हातारा फोरमन आठवला. इंजिनाचा आजार ऐकायला आम्ही सगळे काठीचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचो. तो मात्र काठी दातात धरायचा. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो, "फोरमन इंजिन खातोय!" त्याची ती शिसवी काठी निवृत्त होताना त्याने मला दिली. अजून शेडच्या खुंटीवर आहे. त्याला हाक मारली तर तो कधी ओ देत नसे. मोठा गर्विष्ठ माणूस.

२६ फेब्रुवारी

इंजिन सुरू झालं! पहिल्या किल्लीला. नीट वर्णन करून ठेवतो. आधी एक थरथर तळव्यांना लागली, मग शेडचा पत्रा हलताना दिसला, मग धूर निळा आला आणि पांढरा होऊन विरला. आणि शांतता. एवढी शांतता मी कुठल्याच इंजिनात ऐकलेली नाही. मांजर मांडीत घुरघुरावं, तेही लांबच्या खोलीत. डोळ्यांत पाणी आलं.

तेलाचा लाल दिवा मात्र मिणमिणत राहिला. वायर सैल असणार.

ही धावत बाहेर आली. गुडघे दुखत असताना धावत! छातीवर हात. तोंडाने काही म्हणाली. मी म्हटलं, "आहे ना झकास?" तिने गाडीत हात घालून किल्लीच फिरवली आणि किल्ली घेऊन घरात गेली. आनंदाने माणूस वेडं होतं.

रविवारी घाट. अक्कांना कळवायला सांगितलं. काठी कानाला लावूनही पाहिली. आत काही नाही, निर्मळ.

२७ फेब्रुवारी

हे मी लिहिते आहे, यांची बायको. वही वाचली त्याबद्दल रागवा, पण हे वाचा. दोन दिवस तोंडाने सांगून पाहिलं.

चिमण्या आहेत. घड्याळ चालू होतं. मी भांडी आपटते, रोज आपटते. नर्सबाईंचा हॉर्न चौकापर्यंत ऐकू आला, त्यांनीच मला सांगितलं. लेक तुम्हाला तीन महिने कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणते आहे आणि तुम्ही "हो, जेवलो" असं उत्तर देता.

इंजिनातून आवाज येतो. आत कुणीतरी कोंडलंय आणि मुठीने दार ठोकतंय, तसा. मला तुमच्या विद्येतलं कळत नाही. पण या गाडीचा आवाज मला चाळीस वर्षं पाठ आहे. घराजवळच्या वळणावर ऐकला की मी चहाचं आधण ठेवायचे. हा तो नाही.

किल्ली माझ्याकडे आहे. अक्काकडे मला जायचंय, पण तुमच्यासकट पोचायचंय.

४ मार्च

सहा दिवस लिहिलं नाही. रविवार गेला. हिच्याशी बोललो नाही, आणि वाईट हे की घरात फरक पडला नाही. ती बोलत असली तरी मला ते नुसतं ओठ हलल्यासारखं. म्हणजे खरंच?

नाही. वय झालं की जग हळू होतं, एवढंच. आगाराच्या आवारात वीस इंजिनांच्या गदारोळात कोणत्या गाडीचा कोणता व्हॉल्व्ह आजारी आहे हे मी डोळे मिटून सांगायचो. तेच तर माझं शिक्षण. बाकी चौथी.

५ मार्च

किल्ली मागितली. हिने चेहरा बघितला आणि दिली. स्वतः येऊन शेडच्या दारात स्टुलावर बसली.

इंजिन सुरू केलं. शांत. काठी कानाला लावली. शांत. दुसऱ्या कानाला. शांत. हिच्याकडे पाहिलं तर ती मुठीने मांडीवर ठोके देत होती. ठक, ठक, ठक, एका लयीत. इंजिनाचा वेग वाढवला तर तिची मूठही जलद झाली. सोडला तर मंद झाली. माझ्याकडे बघतही नव्हती, खाली मान घालून ऐकत होती. असं नाटक कुणाला करता येत नाही.

मग फोरमन आठवला. ओ न देणारा फोरमन.

वरची कवळी काढून खिशात ठेवली. खालचे पुढचे सहा दात माझे स्वतःचे आहेत. काठीचं एक टोक ब्लॉकला टेकवलं, दुसरं त्या सहा दातांनी आणि वरच्या हिरडीने घट्ट धरलं.

देवा! सगळं घर डोक्यात शिरलं. चेनची सळसळ, पिस्टनचं धापणं, पंखा, आणि खाली, अगदी खाली, मूठ. ठक. ठक. ठक. दाराआड कोंडलेली. हिने लिहिलं तस्संच. आणि मी या ठोक्यावर हिला बसवून घाट चढणार होतो.

इंजिन बंद केलं. काठी तोंडातच होती. ही उठून जवळ आली आणि माझ्या खिशातली कवळी काढून पदराने पुसायला लागली.

फोरमन गर्विष्ठ नव्हता.

८ मार्च

इंजिन पुन्हा खोललं. वाट्यांच्या तोंडावर मार बसून त्या काळवंडल्या होत्या. नशीब, क्रँक वाचला. वाट्या आणि क्रँक घेऊन सूतभरकडे गेलो. ही म्हणाली, मीही येते. रिक्षात बसली, गुडघे धरून.

सूतभरने क्रँक मोजला, वाटी मोजली आणि माझ्याकडे भूत पाहिल्यासारखं पाहिलं. तो काय म्हणाला ते हिने नंतर शब्दाला शब्द लिहून दिलं, ते उतरवतो.

"उस्ताद, मी तीस म्हणालो होतो. दोनदा म्हणालो. तुम्ही म्हणालात, हो हो, वीस. मला वाटलं वीस तारखेला काही आहे तुमचं."

मग त्याने हवेत तीन बोटं धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नि बोटाचं शून्य केलं. तीस. पोराला अंक शिकवावेत तसं. मला लाज वाटली नाही, का कोण जाणे. हलकं वाटलं.

वीस आणि तीस. दोघांची शेपूट एक, डोकं तेवढं वेगळं. माझ्या कानांनी शब्दांची डोकीच उडवली आहेत, आणि मी शेपटांवरून माणसं ओळखत बसलो होतो. किती जणांना काय काय उत्तरं दिली असतील!

हिला विचारलं, "मला कधी कळलं तुझं?" गडबडीत उलटं बोललो. मला ऐकू येत नाही हे तुला कधी कळलं, असं विचारायचं होतं. तिने वहीत लिहिलं: असा दिवाळं निघाल्यासारखा चेहरा करू नका. दिवस मोजले नाहीत मी.

१७ मार्च

तीसच्या वाट्या बसवल्या. या वेळी क्रँक फिरवला तर हाताला अंगाचा भार जाणवला. लोणी घुसळताना रवी जड होत जाते तसा. गळ्यात चिठ्ठी बांधली नाही. हिला विचारलं, "किती?" तिने तीन बोटं आणि शून्य दाखवलं.

इंजिन सुरू केलं. लाल दिवा लागला आणि विझला, विझलेलाच राहिला. वायर सैल नव्हती तर. ही स्टुलावर, मूठ मांडीवर. मी तिच्या मुठीकडे बघत होतो, इंजिनाकडे नाही. मूठ उघडली. हात पालथा झाला, मांडीवर आडवा पडला आणि तसाच राहिला.

मग मी काठी दातात घेतली, आपली खात्री. आत कुणी कोंडलेलं नव्हतं.

लेकीला फोनवर सांगितलं, डॉक्टरची वेळ घे. ती काय म्हणाली कळलं नाही. ही म्हणाली, रडतेय.

डॉक्टरची वेळ पुढच्या मंगळवारची. घाट त्याआधी, रविवारी. तो हिने ठरवलेला. भीती दोन्हींची वाटते. कानात काय घालतील? शिट्टी वाजते म्हणतात त्या यंत्राची. आणि समजा काहीच घालण्यासारखं उरलं नसेल तर?

२२ मार्च, अक्कांच्या घरी

चढलो.

क्रमाने लिहितो. निघताना खुणा ठरल्या. तिचा उजवा हात माझ्या गुडघ्यावर. हात पालथा, म्हणजे सगळं ठीक. एक थाप, मागून गाडी येते आहे. दोन थापा, थांबा. काठी मागच्या सीटवर, पाण्याचा डबा सवयीने पायाशी.

घाट लागला तेव्हा धुकं होतं. इंजिनाने भार घेतला आणि सोडलाच नाही. तळव्यांतून, स्टिअरिंगमधून, हिच्या हातातून ते मला कळत होतं. झाडं संथ मागे जात होती आणि आवाज कुठलाच नव्हता. तोच पाण्याखालचा रस्ता. पण आता मी एकटा नव्हतो. नर्सबाईंच्या पहाटेच्या सगळ्या वाटा आमच्याखाली उलगडत होत्या. बाईंचा क्रँक त्याच्या ओळखीच्या कामाला निघाला होता, वाट बघणाऱ्या दाराकडे.

पांढरा दगड दिसला. माझी नजर तापमानाच्या काट्यावर. काटा मधोमध, हलत नाही. दगड जवळ आला, आणि गुडघ्यावर दोन थापा.

गाडी कडेला घेतली, बंद केली. "काय झालं? ठोका? कुठे? खालून?" मी उतरून बॉनेटच उघडायला लागलो. ही हळूच उतरली, गुडघ्यावर हात देत चालत गेली आणि दगडावर जाऊन बसली. दरीकडे तोंड करून. म्हणजे काही झालं नव्हतं. चाळीस वर्षं आपण इथे थांबतो, म्हणून थांबायचं.

मी पाण्याचा डबा हातात घेऊन उभा. ओतायला जागा नाही. मग दोघं तेच प्यायलो.

धुकं खाली सरकत होतं. ही दरीकडे बघून काहीतरी बोलत होती, मला फक्त गाल हलताना दिसत होता. अशी ती याच दगडावर बसून किती वर्षं काय काय बोलली असेल, आणि मी तेव्हा ऐकू येत असूनही रेडिएटरमध्ये डोकं घालून उभा असायचो. मी जाऊन काठी आणली. कवळी काढली. सहा दातांत एक टोक धरलं आणि दुसरं तिच्यापुढे केलं.

ती आधी हसली. "अहो, कुणी बघेल!" हे ओठांवरून कळलं. मग तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, टोक गळ्याला लावलं, जिथे आवाज राहतो तिथे, आणि बोलली.

तिचाच आवाज. लग्नातला नाही, आताचा, थोडा घोगरा, कोपऱ्याला झिजलेला. माझ्या कवटीत, अगदी मधोमध.

त्यानंतर उरलेला घाट चढलो. अक्का दारात उभ्या होत्या, तोंड आमच्याकडे करून. बहिणींनी एकमेकींचे गाल धरले ते बराच वेळ सोडले नाहीत. जेवणानंतर अक्का आणि मी दोन तास गप्पा मारल्या. अक्कांना पाच वर्षांपासून कमी ऐकू येतं हे मला आजच कळलं. ही मधे बसून डोळे पुसत हसत होती. आम्ही काय बोललो ते तिलाच विचारा.

आणि दगडावर ती काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. ही वही ती वाचते, आणि तिला ते ठाऊक आहे.